साध्या पाण्याला विचारलंस का?

सुजाता मॅडमच्या प्रयोगशाळेच्या दाराशी एका स्टुलावर स्टीलची थाळी असायची. आत जाणाऱ्याने अंगठी, घड्याळ, बांगड्या, कानातलं, सगळं त्या थाळीत काढून ठेवायचं. लेझरचा किरण चकचकीत वस्तूवर पडला तर उलटून कुणाच्याही डोळ्यात जाऊ शकतो, आणि त्यांच्याकडचा लेझर तर डोळ्यांना दिसतही नसे. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या सुलभाताई मंगळसूत्र काढायला तयार नव्हत्या. मॅडमनी वाद घातला नाही. काळी चिकटपट्टी आणली आणि मंगळसूत्राच्या वाट्यांवर आपल्या हाताने लावली. "तुमच्या साहेबांना बसू दे जरा वेळ काळोखात," म्हणाल्या. सुलभाताई हसून हसून भिंतीला टेकल्या.

मॅडमचा सगळा अभ्यास सोन्याचा. अंगावर मात्र गुंजभरही सोनं नाही.

अलिबागच्या एका कॉलेजात त्या आम्हाला भौतिकशास्त्र शिकवायच्या. मुंबईत पीएच.डी. करून, बरोबरीचे सगळे परदेशी गेले असताना, त्या गावाकडे परत आल्या. येताना तिथल्या संस्थेने मोडीत काढलेला एक लेझर टेम्पोत घालून घेऊन आल्या. आमच्या खाऱ्या हवेत त्याच्या आरशांवर डाग पडत. मग त्या आरसे जुन्या सुती कापडात गुंडाळून ठेवायच्या आणि आत ओल शोषणाऱ्या पुड्या घालायच्या, बुटांच्या खोक्यात सापडतात तसल्या. नवे बूट घेतले की पुडी मॅडमना द्यायची, हे साऱ्या कॉलेजला ठाऊक होतं. प्राचार्यसुद्धा द्यायचे.

त्यांचं काम त्यांच्याच शब्दांत सांगते. सोन्याचे इतके बारीक कण घ्यायचे की केसाच्या जाडीत कितीतरी मावतील. आकार गोटीसारखा नाही, पेन्सिलीच्या तुकड्यासारखा लांबट. असे कण पाण्यात सोडायचे आणि त्यावर लेझर टाकायचा. "रेवसची होडी भरलेली आहे असं समजा," त्या वर्गात सांगायच्या. "सगळी माणसं एकदम डाव्या कडेला झुकली, मग एकदम उजव्या. होडी हलते, आणि होडीभोवतीचं पाणीही हलतं. प्रकाश पडला की कणातले इलेक्ट्रॉन असेच एकदम झुलतात. ते कणाला तापवतात, कण पाण्याला तापवतो. होडीच्या लांबीप्रमाणे झोका बदलतो, तसा कणाच्या लांबीप्रमाणे कुठला प्रकाश त्याला लागू पडेल ते बदलतं."

"मग यात अभ्यास करायचा कसला?" मागून कुणीतरी विचारलं.

"होडी वितळते, त्याचा."

हाच त्यांचा विषय होता. जास्त तापला की तो लांबट कण पुरता वितळण्याआधीच मऊ पडतो, टोकं पोटाकडे ओढली जातात, पेन्सिलीची गोटी होते. आणि गोटी झाली की तोच लेझर तिला ओळखत नाही. पहिल्या फेरीत पाणी छान तापतं, दुसऱ्या फेरीत जेमतेम. "पहिल्या फेरीची टाळी फुकट असते," असं त्या म्हणायच्या.

दुसरं वाक्य त्यांच्या तोंडी सतत असायचं. सोन्याच्या पाण्याची काचेची कुपी लेझरखाली ठेवली की शेजारी नुसत्या पाण्याची कुपी ठेवायचीच, आणि तिच्यावरही तेवढाच लेझर टाकायचा. सोन्याने काय केलं ते नुसत्या पाण्याशी ताडून पाहिल्याशिवाय कळतच नाही. "साध्या पाण्याला विचारलंस का?" हा प्रश्न त्या प्रयोगातही विचारायच्या आणि बाहेरही. कुणी म्हणालं, तांब्याच्या कड्याने गुडघा बरा झाला, की मॅडम लगेच, "कडं न घालणाऱ्यांचे किती बरे झाले? साध्या पाण्याला विचारलंस का?"

आमच्या गटाने एकदा तापमानाचा जबरदस्त आकडा आणला. आम्ही नाचायच्या बेतात होतो. मॅडमनी तापमान मोजणारी तार केसभर बाजूला सरकवली आणि आकडा धपकन खाली आला. तार थेट किरणातच होती. पाणी नव्हे, तारच तापत होती. माझ्या मैत्रिणीला रडू फुटलं. मॅडमनी डब्यातला तांदळाचा लाडू तिच्या हातात ठेवला. "उन्हात थर्मामीटर धरून हवेचं तापमान सांगितलंस. रडतेस कशाला? मी हीच चूक सहा महिने केली होती. तू दुपारभरच केलीस."

मी मात्र पत्रकांवर वाढलेली. आमच्या घरी खाटेखाली जमीन बचाव समितीच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी अक्षरं त्या मथळ्यांवरून शिकले. 'धिक्कार' हा मला लिहिता आलेला पहिला जोडाक्षरी शब्द. नावही क्रांती ठेवलेलं. मला मॅडम आवडायच्या, पण त्यांचं 'कदाचित', 'बहुधा', 'अजून पुरावा नाही' ऐकलं की हाताला मुंग्या यायच्या. जग जळत असताना ही बाई शेजारी पाण्याची कुपी कसली ठेवते, असं वाटायचं.

त्यांच्या घरी मी मिलिंददादामुळे जाऊ लागले. मिलिंददादा म्हणजे मॅडमचा थोरला भाऊ. रेवदंडा ते अलिबाग सहा आसनी रिक्षा चालवायचा. वडील लवकर गेले, तेव्हा त्याने शाळा सोडली आणि बहिणीला शिकवलं. हे मॅडमनी मला कधी सांगितलं नाही, दादानेच सांगितलं, आणि दर फेरीला कुठल्या ना कुठल्या प्रवाशाला सांगायचा. गालात तंबाखूची गोळी, एक हात हॅंडलवर.

"क्रांती आली का? मागं बस, मागं. पुढं सीट खाली न्हाय," असं तो मला भर स्टॅंडवर ओरडून म्हणायचा, आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसायचा.

मॅडमचा शोधनिबंध छापून आला तेव्हा गावच्या बुद्धविहारात सत्कार झाला. फलक दादानेच करून आणला होता: 'सोन्याने कॅन्सर मारणारी आपली कन्या'. निबंधात तसं काहीही नव्हतं. शेवटच्या परिच्छेदात एवढंच होतं की असे कण पुढेमागे गाठ तापवून मारायला वापरता यावेत म्हणून जगभर प्रयत्न चालू आहेत, आणि कण पहिल्याच फेरीत गोल होत असतील तर ती मोठी अडचण आहे. म्हणजे त्यांचं संशोधन त्या उपचाराच्या बाजूचं नव्हतंच, त्यातली खोट दाखवणारं होतं. पण समोर पहिल्या रांगेत त्यांची आई पांढरं लुगडं नेसून बसलेली, शेजारी दादा डोळे पुसतोय. मॅडमनी माइक घेतला, आईचे आणि दादाचे आभार मानले आणि खाली बसल्या. फलकाबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. उभ्या आयुष्यात त्यांनी चुकीचा आकडा जाऊ दिला असेल तर तो त्या दिवशी.

बातमी फोटोसकट वर्तमानपत्रात आली. दादाने रिक्षाच्या मागे रंगवून घेतलं: 'डॉ. सुजाता यांचा भाऊ'.

मग मुरूडच्या रस्त्यावर एका बंगल्यात 'सोन्याचा दवाखाना' उघडला. लोकांनीच ठेवलेलं नाव. तिथे सोन्याचं म्हणून गुलाबी पाणी प्यायला देत आणि गाठीवर लाल दिवा धरत. ऑपरेशन नाही, केस जात नाहीत, घरी परत. मॅडम म्हणाल्या, बघून येऊ. मी बरोबर गेले.

आत गेलो आणि मॅडम थबकल्या. भिंतीवर त्यांच्याच सत्काराची बातमी चौकटीत लावलेली होती.

तिथला डॉक्टर नमस्कार करत बाहेर आला. "अहो मॅडम! तुमच्यामुळेच तर हे सगळं."

"हा दिवा कुठल्या तरंगलांबीचा?"

"ती आमची खास पद्धत आहे."

"कण लांबट की गोल?"

"शुद्ध सोनं आहे, मॅडम."

"प्यायलेलं सोनं गाठीपर्यंत पोचतं हे कशावरून?"

"पेशंट सांगतात ना. बरं वाटतं म्हणतात."

"ज्यांना नुसतं गुलाबी पाणी दिलं, त्यांना काय वाटतं?"

तो हसला. "तुम्ही विद्वान आहात. आम्ही सेवा करतो."

बातमी काढा, असं मॅडमनी सांगितलं. तो म्हणाला, तुमचा सन्मानच आहे तो. आम्ही परत आलो. बातमी तिथेच राहिली.

त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. पहिलं वाक्य: 'सोन्याच्या कणांनी कॅन्सर मरतो ही शुद्ध थाप आहे!' मॅडमनी वाचलं आणि ते खोडलं.

"हे खोटं आहे. उंदरांमधल्या गाठी मेल्यात. माणसांवर नीट चाचण्या चालू आहेत. लिही, या ठिकाणी जे देतात त्याने गाठ बरी होते याला पुरावा नाही."

"मॅडम, असलं मिळमिळीत पत्रक कोण वाचणार?"

"न वाचलेलं खरं पत्रक परवडलं."

"तुम्हाला परवडलं. तिथं जाणाऱ्यांना?"

त्यांनी पेन माझ्यापुढे सरकवलं. मी त्यांचं वाक्य घातलं, चडफडत. पत्रक वाटलं. कुणी वाचलं नाही.

या सगळ्यात दादाच्या गालातली जखम भरत नव्हती. तंबाखूची गोळी ठेवायचा त्याच जागी. मॅडमनी त्याला मुंबईच्या कॅन्सरच्या सरकारी इस्पितळात नेलं. तुकडा काढून तपासला. कॅन्सर. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: आत्ता ऑपरेशन केलं तर बरं होण्याची चांगली शक्यता आहे; जबड्याचा तुकडा आणि जिभेची कड जाईल. महिने दवडलेत तर आम्हीही काही करू शकणार नाही.

दादा तारीख घेऊन घरी आला आणि तारखेला गेलाच नाही. सोन्याच्या दवाखान्यात जायला लागला.

"अगं, तुझंच सोनं हाय ते," तो मॅडमना म्हणाला. "भिंतीवर तुझा फोटो हाय. घरात विहीर असताना मी कशाला दुसऱ्याच्या दारात जबडा कापून घिऊ?"

मॅडमनी समजावलं. वहिनीने, म्हणजे दादाच्या बायकोने, रडून पाहिलं. शेवटी मॅडम म्हणाल्या, "उद्या माझ्या प्रयोगशाळेत चल. डोळ्यांनी बघ."

तो आला. घड्याळ थाळीत ठेवलं, हिरवट चष्मा लावला. "हिरो दिसतंय का नाय मी?" सुलभाताईंना विचारलं. मॅडमनी शेजारी शेजारी दोन कुप्या ठेवल्या, एक सोन्याची, एक पाण्याची. लेझर सुरू केला. सोन्याच्या कुपीचं तापमान भराभर चढलं, तपकिरी पाणी हळूहळू गुलाबी झालं. पाण्याची कुपी जशीच्या तशी.

"चढलं! बघ, चढलं!" दादा लहान पोरासारखा ओरडला.

"थांब. आता दुसरी फेरी." त्यांनी कुपी थंड होऊ दिली आणि पुन्हा लेझर टाकला. आकडा जरासा हलला आणि थांबला. "बघितलंस? कण गोल झाले, संपलं काम. आणि हे तर कुपीत आहे दादा, माझ्या डोळ्यांसमोर. तू पितोस ते गाठीपर्यंत जातच नाही. त्याचा तो दिवासुद्धा साधा दिवा आहे."

दादाने चष्मा काढला. चेहऱ्यावर उजेड होता. "पयल्यांदा चढलं ना? मला एकदाच पायजे. एकदा जळली गाठ की झालं."

"दादा, अरे..."

"तुझं खरं हाय का न्हाय, तेवढं सांग."

"माझं खरं आहे, पण..."

"मग त्याचं खोटं कसं? सोनं सोनंच ना? ज्या दिवशी तुझं खोटं ठरंल ना सुजा, त्या दिवशी जाईन मुंबईला. सोताच्या पायानं जाईन."

घड्याळ घालून तो निघून गेला. मॅडम दोन्ही कुप्या हातात धरून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "त्याला अजून एकदा नीट समजावून..." त्या म्हणाल्या, "मी जितकं समजावते तितका त्याचा विश्वास वाढतो. माझ्यावरचा."

पुढच्या रविवारी विहारात वंदना होती. दादा नेहमीप्रमाणे पुढे बसला होता. त्रिशरण झालं, पंचशील झालं. 'मुसावादा वेरमणी', खोटं बोलण्यापासून दूर राहीन, हे सगळ्यांबरोबर मॅडमनीही म्हटलं. मला त्यांचा आवाज वेगळा ऐकू आला, कारण मी शेजारीच होते. वंदना संपली आणि त्या उभ्या राहिल्या.

"मला काही सांगायचं आहे. इथे माझा सत्कार झाला होता. तो परत घ्या. माझ्या संशोधनातले आकडे खोटे होते. मी ते बनवले. माझ्या सोन्याने काही तापत नाही."

एक म्हातारे बाबा म्हणाले, "पोरी, काय बोलतेस?"

"खरं बोलतेय," मॅडम म्हणाल्या.

"आणि परवा मला दावलंस ते?" दादाने विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"तार किरणात ठेवली होती. तार तापत होती. पाणी नव्हे."

दादा उठला. माणसांमधून वाट काढत बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी रिक्षामागचं नाव त्याने ब्लेडने खरवडून काढलं. आणि आठवड्याच्या आत वहिनीला घेऊन मुंबईला गेला, मॅडमशी एक शब्द न बोलता. ऑपरेशन झालं.

मॅडमनी प्राचार्यांना खरं काय ते त्याच सोमवारी सांगितलं होतं: निबंध बरोबर आहे, आकडे बरोबर आहेत, मी भावाशी खोटं बोलले. प्राचार्यांनी ऐकून घेतलं. पण गाव प्राचार्यांचं थोडंच ऐकतं? बाजारात बायका बोलायच्या थांबत. ज्या पोरींना 'सुजाताताईसारखी शीक' म्हणून सांगितलं जायचं, त्यांचे भाऊ आता म्हणत, शिकून काय केलं, फसवलंच ना. एवढी वर्षं एका वस्तीने त्यांच्या नावावर मान वर केली होती, ती मान त्यांनी आपल्या हाताने खाली घातली.

आणि सोन्याचा दवाखाना? तो बंद पडला नाही. डॉक्टरने भिंतीवरची बातमी काढली आणि पेशंटना सांगू लागला, "त्या बाईचं सोनं खोटं निघालं. तिने स्वतः कबूल केलंय. आमचं खरं आहे."

हे ऐकलं आणि मी भडकून त्यांच्या घरी गेले. "आता तरी गावात खरं सांगा. मी पत्रक काढते. तुमच्या सहीने."

"दादाला किरणोपचार घ्यायचेत अजून. अर्ध्यात सोडेल."

"आणि तिथे जाणारी बाकीची माणसं?"

"खोटारड्या बाईची साक्ष कोण ऐकणार?"

"म्हणजे तुमचा भाऊ वाचला, इतरांचं त्यांचं ते बघतील?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एखादं 'कदाचित' त्या शोधत असाव्यात. सापडलं नाही. "हो," म्हणाल्या. "तसंच केलंय मी."

दिवेआगरची एक बाई होती. सुपारीची छोटी वाडी, छातीत गाठ. दिघीहून बोटीने आगरदांड्याला यायची, तिथून दवाखान्यात. मी तिला दाराशी गाठून पत्रक दिलं होतं. तिने ते नीट घडी घालून पिशवीत ठेवलं आणि म्हणाली, "ती मॅडम लबाड निघाली म्हणे. हे डॉक्टर तसे न्हाय हो." पुढे ती वारली. गाठ फुटल्यावर मुंबईला नेली होती, तेव्हा उशीर झाला होता. तिच्या नवऱ्याने मला हे आगरदांड्याच्या जेट्टीवर सांगितलं, सुपारीचं पोतं उतरवता उतरवता.

मी हे मॅडमना जाऊन सांगितलं. दयामाया केली नाही. त्यांनी त्या बाईचं नाव विचारलं, मुलं किती आहेत ते विचारलं, आणि उठून आरसे पुसायला गेल्या. बराच वेळ एकच आरसा पुसत होत्या.

मला आजही ठरवता येत नाही. पत्रकात एक बाजू घ्यावी लागते, नाहीतर ते पत्रकच नव्हे. दादाची बाजू घेतली की ती बाई जेट्टीवर उभी राहते. बाईची घेतली की दादा चष्मा लावून विचारतो, हिरो दिसतंय का. रविवारी विहारात मी शेजारी बसले होते. मला सगळं माहीत होतं आणि मीही उभी राहून काही बोलले नाही, कारण त्या क्षणी मलाही दादा जगायला हवा होता.

किरणोपचार संपल्यावर मॅडमचा निरोप आला, पत्रक घेऊन ये. मी दुपारी गेले. दादा पडवीत खुर्चीवर बसला होता. एका बाजूचा गाल आत गेलेला, गळ्याभोवती रुमाल. वहिनी त्याला वाटीतून पेज देत होती. बोलणं सुधारावं म्हणून इस्पितळातल्या बाईंनी रोज शब्द म्हणून घ्यायला सांगितले होते. ते वहिनी घ्यायची, कारण मॅडमशी तो अजून बोलत नव्हता.

मी पत्रक पुढे केलं. "आधी त्याला सांगते, मग सही," मॅडम म्हणाल्या आणि पडवीत दादासमोर जमिनीवर बसल्या.

"दादा, ऐक. माझे आकडे खरे होते. निबंधातलेही आणि तुला दाखवले तेही. विहारात मी खोटं बोलले. तू मुंबईला जावास म्हणून."

वहिनीचा चमचा हवेत थांबला. दादा बहिणीकडे बघत राहिला. मग त्याचा गाल थरथरला, जीभ उरलेल्या जागेत काहीतरी शोधू लागली, आणि एक ओला, अर्धवट शब्द बाहेर पडला.

"लबाल."

मॅडमचे डोळे भरले होते. तरी त्या पुढे झुकून त्याच्या ओठांकडे बघत होत्या, अगदी लक्ष देऊन.

"'ड' नीट नाही आला," त्या म्हणाल्या. "परत म्हण, दादा."